टाचणी डॉक्टरची रेघ

टाचणी डॉक्टरनं पहिली टाचणी माझ्या बायकोला टोचली नाही, मला टोचली. दंडात, सदऱ्यावरून, चांगली कचकन. मी "अगं माय" म्हणून उडालो तर म्हणतो कसा, "दुखलं? बरं झालं. दुखणं म्हंजे काय हे तुला ठाऊक हाय. आता गप बस, आता तिला विचारू."

रोग्यासोबत आलेल्या माणसाला आधी टोचायचं, ही त्याची रीतच होती. कोटाच्या गळपट्टीला आतून दोन टाचण्या कायम खोचलेल्या. त्यानं गावच्या पाटलाला टोचलं, पाटलाच्या सासूला टोचलं, एकदा तर चौकशीला आलेल्या जमादाराला टोचलं. लोक म्हणायचे, दवाखान्यात रोगी म्हणून जावं, सोबती म्हणून जाऊ नये. कुणी विचारलं तर तो सांगायचा, "सोबत आलेलाच जास्त बोलतो. त्याला एकदा टोचलं की तो गप होतो, मग मला रोग्याचं ऐकू येतं." त्याचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर होतं, पण ते उर्दूत होतं आणि निजाम गेल्यावर पाटी कुणी वाचत नव्हतं. आधी तो लढाईत फौजेसोबत ब्रह्मदेशात होता. मग आमच्या बाजाराच्या गावी आला. आमचं खेडं तिथून चार कोस, जिंतूरच्या अलीकडं.

दवाखान्याला मोठा ओटा होता आणि समोर चाळीस पावलांवर लिंबाचं झाड. बैलगाडी लिंबाखाली सोडायची आणि रोग्यानं तिथून ओट्यापर्यंत चालत यायचं. तो ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसायचा. ताप आलेला असो की कान फुटलेला, आधी चालून दाखव. "तोंड खोटं बोलतं," म्हणायचा, "पाय खोटं बोलत न्हाईत." एक बाई सुनेला घेऊन आली. सून कामचुकार हाय, पाठ दुखती म्हणून निजती, म्हणाली. यानं दोघींना चालताना बघितलं आणि ओट्यावरूनच ओरडला, "मावशी, सून थकलीय, तिला रोग न्हाई. तुमचा मात्र उजवा खुबा गेलाय. दोघींनी महिनाभर कामं बदलून घ्या, दोघी बऱ्या व्हाल." ती बाई पुन्हा त्या गावच्या बाजारालासुद्धा आली नाही.

आणखी एक गोष्ट तो फार बोलायचा. कुणी आत शिरताशिरता "डॉक्टरसाहेब, मला संधिवात झालाय" म्हणालं की त्याचं डोकं फिरायचं. "लेकराचं नाव बाराव्या दिवशी ठेवता ना? मग दुखण्याचं नाव दारातच कसं ठेवता? एकदा नाव ठेवलं की तुमी दुखणं बघतच न्हाई, नावालाच औषध द्यायलाव."

हे तो मला म्हणाला तेव्हा माझ्या बायकोच्या दुखण्याची आम्ही तीन नावं ठेवून झालो होतो. बायकोचं नाव सुभद्रा. तिच्या जिवंतपणी मी ते कधी घेतलं नाही, तशी पद्धतच नव्हती. आता घेतो. आता कोण अडवतंय.

थोरल्याच्या बाळंतपणानंतर तिची पाठ दुखायला लागली. खांद्यामागच्या दोन्ही पाखांच्या मध्ये, आणि तिथून पुढं बरगड्यांना दोर आवळल्यासारखी. आडवी झाली की जास्त. आमची माय म्हणाली, बाळंतवारं हाय. हे पहिलं नाव. मग तिचे पाय जड झाले. चप्पल पायातून कधी निसटली ते तिला कळायचं नाही, मागं बांधावर कुठंतरी सापडायची. माय म्हणाली, "हिला कामाचं ध्यान न्हाई, म्हणून चपला हरवायलीय." हे दुसरं नाव.

मग वाऱ्याचा डाग देणारा एक म्हातारा आणला. त्यानं खुरप्याचं टोक लाल केलं आणि तिच्या कमरेत दोन डाग दिले. भलेभले पैलवान तिथं बैलासारखे ओरडतात. सुभद्रा हूं की चूं करीना. बाया तोंडात पदर धरून बघत राहिल्या. मी छाती फुगवून गावभर सांगितलं, माझी बायको वाघीण हाय. घरी येताना ती मला म्हणाली, "अहो, त्यानं डाग दिलाच न्हाई वाटतं. नुसता वास आला."

मी हसलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तिला भाजलेलं कळत नव्हतं, तिनं मला ते तोंडानं सांगितलं, आणि मी हसलो.

थंडीत ती चुलीपाशी भाकरी करत बसली होती. म्हणाली, "काय जळायलंय?" तिचाच पाय जळत होता. डावा पाय इंगळावर पडलेला आणि ही हातावर भाकरी थापायलीय. मायनं पाय ओढला. आणि भाजल्यावर हळद लावायची सोडून म्हणाली, "हिला महारोग झाला." हे तिसरं नाव. या नावापुढं पहिली दोन कुणाला आठवलीसुद्धा नाहीत.

त्यात माझी बहीण कौसा, तिचं लग्न ठरलेलं. सोयरे सेलूकडचे. त्यांना कळलं तर लग्न मोडणार. म्हणून सुभद्राला शेतातल्या आखाड्यावर नेऊन ठेवली. आखाडा म्हणजे कडबा आणि अवजारं ठेवायची खोपी. गावात सांगितलं, माहेरी गेलीय. थोरला दीड वर्षाचा होता, त्याला तिच्याजवळ जाऊ देत नव्हतो. मी भाकरी नेऊन दाराशी ठेवायचो आणि चार हात लांब बसायचो. नवरा मी तिचा. ती म्हणायची, "लांब बसा, पण तोंड इकडं करून तरी बसा की." लोक मला म्हणतात, म्हाताऱ्या, इतकी वर्षं झाली, आता राग सोड. कशाला सोडू? तुम्ही बसला होता का तिथं चार हातांवर?

शेवटी बोभाटा झालाच. सोयऱ्यांचा निरोप आला, तुमच्या घरात महारोग हाय म्हणतात, डॉक्टरचा कागद दाखवा, नाहीतर नारळ परत घ्या. म्हणून मी तिला गाडीत घालून टाचणी डॉक्टरकडं नेली. तिचं दुखणं बरं व्हावं म्हणून नाही. कागदासाठी.

तिला लिंबाखाली उतरवली. ती चालली. दोन्ही पाय काठीसारखे ताठ, गुडघ्याला गुडघा घासत, जसे कुणी सुतळीनं बांधलेत. अर्ध्या वाटेवर आली आणि डॉक्टर खुर्चीवरून उठून खाली आला. त्याला रोग्यासाठी ओटा उतरताना कुणी बघितलं नव्हतं. त्यानं तिचा दंड धरला. ज्या बाईला महिनाभर कुणी हात लावला नव्हता तिचा दंड धरला, आणि ती रडायला लागली. मला वाटलं, दुखलं असेल.

आत दवाखान्यातल्या दाईला जवळ बसवलं, मला टोचलं, आणि तिला डोळे मिटायला सांगून अंगठ्यापासून टाचणी वर वर नेत गेला.

"टोचतंय?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई. नुसतं कायतरी लागतंय."

पोटरी झाली, गुडघा झाला, मांडी झाली. बेंबीच्या दोन बोटं वर टाचणी गेली तशी ती दचकली. "हां! आत्ता टोचलं."

त्यानं जांभळी पेन्सिल जिभेला लावली आणि तिथं रेघ ओढली. पुढून सुरू करून, टोचत टोचत, पाठीमागून पार फिरवून पुन्हा पुढं आणून मिळवली. कमरपट्ट्यासारखी. त्या पेन्सिलीपायी त्याची जीभ कायम जांभळी असायची, पोरं त्याला जांभूळखाऊ म्हणायची. मग त्यानं तिचे कोपर चाचपले, गुडघ्यामागं बोटं घातली, तळहाताच्या कडेनं गुडघ्याखाली टिचकी मारली तर पाय लाथ मारल्यासारखा उडाला. पाठीच्या एकेका मणक्यावर मूठ ठोकली.

"महारोग कोण म्हणालं?"

मी म्हणालो, "समदेच म्हणायलेत."

"समद्यांना घेऊन ये, समद्यांना टोचतो. अरे, महारोगाला कमरपट्टा नसतो. तो चट्ट्याचट्ट्यानं येतो, कोपरामागच्या शिरा दोरीसारख्या जाड करतो. हिच्या शिरा साफ हायेत. आणि इथं बघ, रेघेखाली समदं झोपलेलं, रेघेवर समदं जागं. लढाईत मणक्यात गोळी लागलेली पोरं अशीच असायची. हिला तर कुणी बंदूक मारली न्हाई. म्हंजे पाठीच्या दोराला आतूनच कायतरी दाबायलंय."

"मंग काय झालंय म्हणायचं?"

"हाडाचा क्षय असता तर मणका ठोकल्यावर बोंबलली असती. बहुतेक गाठ हाय. बघितल्याशिवाय नाव ठेवणार न्हाई. मुंबईला न्यायची, आठ दिवसांत. आपला जिल्हा आता मुंबईच्या राज्यात गेलाय म्हणतात, बघू तरी त्या मुंबईचा काय उपयोग होतो." मग तिच्याकडं वळून आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, ही रेघ पुसू नका. ही वर सरकायला लागंल. जिथं गाठ आसंल तिथपर्यंत चढंल. तिथं पोचली की पाय माघारी येणं अवघड."

हे सगळं मी ऐकलं. बहिरा नव्हतो. आणि ऐकून घेऊन मी काय बोललो? मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तेवढा कागद."

"अन् महारोग असता, तर माणसाला कडब्यात टाकतात व्हय रे?" एवढंच बोलला. मग दोन कागद लिहिले. एकावर, बाईला महारोग नाही. दुसरं मुंबईच्या डॉक्टरला पत्र.

पहिला कागद मास्तरानं आमच्या अंगणात मोठ्यानं वाचला. मायनं साखर वाटली. सुभद्राला वाजतगाजत म्हणावं तशी घरात आणली, थोरल्याला तिच्या मांडीवर दिला. सोयरे कागद बघून गेले, खुशीत गेले. आणि दुसरं पत्र देवळीत ठेवलं, देवाच्या मागं. माय म्हणाली, "मोठं संकट टळलं. आता कौसाचं लगीन होऊ दे, मग मुंबई काय पळून चाललीय?" मीही तेच म्हणालो. घरात असा आनंद होता, की जणू दुखणंच गेलं. नाव गेलं म्हणजे दुखणं गेलं, असं आमचं गणित.

बावीस दिवस. त्या बावीस दिवसांत ती आंघोळ करताना रेघ जपायची, पुसट झाली की भिजवलेल्या काजळानं गिरवायची. एकदा म्हणाली, "अहो, तीन बोटं वर गेलीय." मी मांडवासाठी मेढी तोडत होतो. म्हणालो, "दोन दिस थांब की, कामं बघायलीस ना." मग रेघ ती एकटीच गिरवायची.

हळदीच्या दिवशी डॉक्टर सायकलवरून आला. चार कोस, उन्हात. त्यानं टपालानंही मुंबईला कळवलं होतं, तिथून त्याला उलट पत्र आलं होतं, तुमची रोगी बाई अजून आली नाही. कुणाशी न बोलता आत गेला. सुभद्रा कोपऱ्यात गहू निवडत बसवलेली. बसवलेली म्हणतो, कारण तिला आता उठता येत नव्हतं. माझी चुलती तिथं बसली, यानं टाचणी फिरवली आणि नवी रेघ ओढली. जुनीच्या वर, बरगड्यांवर.

बाहेर आला तशी माय हात जोडून पुढं झाली. "डॉक्टरसाहेब, बसा, पान घ्या. तुमच्या कागदानं लगीन जमलं बघा."

"मावशी," तो म्हणाला, "मी कागदात महारोग न्हाई असं लिवलं. कायच न्हाई असं लिवलं नव्हतं."

आणि भर मांडवात, सगळ्या पाव्हण्यांसमोर, त्यानं गळपट्टीची टाचणी काढून मला टोचली. "दुखलं? तुझं दुखायलंय. तिचं बरगडीपर्यंत दुखायचं थांबलंय. बस इथं, हळद खेळ. समदंच दुखायचं थांबंल तिचं."

मी त्याची गचांडी धरली. हात हळदीचे होते. सगळ्या जन्माचा राग त्या हातात होता, आणि तो चुकीच्या माणसावर निघाला. तो हलला नाही, नुसता उभा राहिला. आमच्यामध्ये कौसा आली. अंगभर हळद, कपाळाला मुंडावळ्या, आणि मला म्हणते, "दादा, गाडी जुंप. तू नसलास म्हणून माझं लगीन अडत न्हाई. वहिनीचे पाय अडायलेत."

सोळा वर्षांच्या पोरीला कळलं. मला नाही.

गाडीत कडबा घालून सुभद्राला आडवी केली. देवगाव फाट्यापर्यंत डॉक्टर सायकलवर मागं मागं आला. तिथं मोटारीत तिला फळीवर निजवून घेण्यासाठी कंडक्टरशी भांडला, त्यालाही टोचलं असणार. सेलूहून रेल्वे, मनमाडला गाडी बदलली, मुंबई. तिथं रंग घालून पाठीचे फोटो काढले, आणि मणका उघडून गाठ काढली. बोराएवढी. बाटलीत घालून मला दाखवली. एवढ्याशा बोरानं माझं घर मोडायला काढलं होतं. वाईट जातीची नव्हती, पुन्हा आली नाही. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं विचारलं, "खेड्यात हे कुणी ओळखलं?" मी म्हणालो, टाचणी डॉक्टरनं. तो आधी हसला, मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, "तीन आठवडे आधी यायला हवं होतं."

उजवा पाय आला. डावा अर्धाच आला. उचलायचा, पण जड, आणि तळव्याला मरेपर्यंत काही कळलं नाही.

परत आलो तेव्हा डॉक्टर ओट्यावर होता. सुभद्रा काठी घेऊन लिंबापासून चालत आली, चाळीस पावलं. कोटाच्या गळ्याला माझ्या बोटांचे पिवळे डाग तसेच होते, धुऊन गेले नव्हते. तो मला म्हणाला, "उजवा पाय माझा. डावा तुझा."

असं कुणी बोलतं का तोंडावर? मला तेव्हा पुन्हा त्याचा गळा धरावासा वाटला. आज वाटतं, तो एकटाच खरं बोलला. बाकीचे सगळे म्हणाले, नशीब.

"डाव्या पायाला आता डोळे न्हाईत," तो पुढं म्हणाला. "काटा गेला, काच गेली, भाजलं, तिला कळणार न्हाई. पाय सडंल, अन् तुमी पुन्हा महारोग म्हणाल. रोज दिवेलागणीला तिचा तळवा तू बघायचा. बाईमाणसानं न्हाई, पोरानं न्हाई. तू."

नवऱ्यानं बायकोचा पाय हातात घ्यायचा! माय आठ दिवस जेवली नाही. पारावर लोक विचारायचे, "काय, झालं का पाया पडून?" आणि सुभद्राची जीभ तर काय, पहिल्या दिवसापासून. मी कंदील घेऊन बसलो की पाय पुढं करून म्हणायची, "घ्या दर्शन. आशीर्वाद कोणता देऊ?" कधी काटा निघायचा, कधी काचेचा कण, एकदा बिबव्याचा चट्टा निघाला. निघाला की म्हणायची, "त्यो बाबा नसता तर."

त्याला एकदा मी विचारलं, सगळ्या जगावर इतका का चिडता? पेन्सिल चोखत बसला. मग सांगितलं, लढाईत एक शिपाई पाय उचलत न्हाई म्हणून आला होता. "घाबरलाय, ढोंग करायलाय, असं मी दारातच नाव ठेवलं. माघारी धाडला. चार दिवसांनी त्याला झोळीत घालून आणला. मणक्यात पू झालेला. तवा माझ्याकडं टाचणी होती. पेटीत होती." मला तेव्हा कळलं, तो मला टोचत होता तेव्हा कुणाला टोचत होता.

महाराष्ट्र झाला त्या साली तो गेला. हात कापायला लागले होते, टाचणी धरवत नव्हती. हैदराबादला भावाकडं निघाला. आम्ही दोघं भेटायला गेलो. खुर्ची बांधून गाडीत टाकलेली, तो ओट्याच्या पायरीवर बसलेला. म्हणाला, "ताई, एकदा चालून दाखवा." ती लिंबापर्यंत गेली आणि परत आली. त्यानं बघितलं, मान हलवली आणि गाडीत बसला. राम राम नाही, आदाब नाही. मला तर टोचलंसुद्धा नाही. पुढं त्याचं काय झालं ते कळलं नाही, आणि मी विचारायला गेलो नाही, हाही माझाच हिशेब.

औंदा पोळ्याच्या आधी सुभद्रा गेली. शेळीला बाभळीचा पाला टाकताना खाली बसली ती उठलीच नाही. मला त्याच्या आधी दोन दिवस ताप होता, म्हणून दोन दिवस पाय बघितला नव्हता. तिरडी बांधली. पोरांनी पायाचे अंगठे बांधायला घेतले तसा मी म्हणालो, थांबा. खाली बसलो. डावा तळवा हातात घेतला, अंगठा फिरवला. टाचेत बाभळीचा काटा होता, आत मोडलेला.

मी टाचणी मागितली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. थोरला, तोही आता म्हातारा, माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "बापू, राहू द्या आता. तिला दुखायचं न्हाई."

मी म्हणालो, "तिला पासष्ट वर्षं दुखायचं न्हाई. म्हणूनच बघायचं असतं, गाढवा. टाचणी आण."

कुणीतरी आणली. काटा निघाला. मग म्हणालो, उचला.